देवघेवीच्या वहीतून निघालेला उत्सव

ग्रंथालयाने साहित्य उत्सव करायचं ठरवलं की पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो उद्घाटनाला कुणाला बोलवायचं हा. दुसरा मांडवाचा. तिसरा पैशांचा, आणि तोही जरा चाचरत, कारण कोषाध्यक्ष समोरच बसलेले असतात. या तिन्हींवर बोलून होईपर्यंत चहा दोनदा येऊन जातो, कुणाला उसाला पाणी द्यायला जायचं असतं, कुणाची शेवटची एसटी असते. ऐकायला कोण येणार आणि त्यांना काय ऐकायचं आहे, हा विषय पत्रिकेवर नसतो. फार तर 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीत त्याला जागा मिळाली तर मिळाली.

आमच्या तालुक्यातल्या काही सार्वजनिक ग्रंथालयांनी मिळून उत्सव करायचा बेत केला, तेव्हा मी त्या शेवटच्या ओळीची वाट बघत बसले होते. मी कार्यकारिणीत आहे, म्हणजे ठरावावर सही करायला आणि खुर्च्या मोजायला. माझं म्हणणं साधं होतं. संमेलनं भरवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, व्याख्यानमाला आहेत, प्रकाशकांचे सोहळे आहेत. पण गावात कोण काय वाचतं याची रोजच्या रोज लिहिलेली नोंद एकट्या ग्रंथालयाकडे असते. असं असताना कार्यक्रम ठरवताना ती देवघेवीची वही आपण उघडतच नाही आणि दुसऱ्यांच्या निमंत्रणपत्रिका समोर ठेवून आपली पत्रिका जुळवतो, हे कसं?

"वहीत काय असतं ताई? पुस्तकांची नावं आणि तारखा," एक काका म्हणाले.

तेवढंच तर हवं होतं.

मंचाचं आपलं प्रेम जुनं आहे आणि त्याला नाक मुरडायचं कारण नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि १८७८ च्या मे महिन्यात लोकहितवादींच्या साथीने ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरवलं. आजचं अखिल भारतीय संमेलन आपली वंशावळ तिथपर्यंत नेऊन भिडवतं. १८८५ साली पुन्हा ग्रंथकार जमायचे ठरले तेव्हा जोतीराव फुल्यांनाही बोलावणं गेलं, आणि त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. तुमच्या सभा आणि तुमची पुस्तकं यांतल्या भावार्थाशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख आहे. म्हणजे मंचावर कोण बसतं, खाली कोण बसतं आणि मांडवाबाहेर कोण राहतं, हे भांडण मराठीत संमेलनाच्याच वयाचं आहे.

ग्रंथालयं त्याहून जुनी. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०: या सालांत तिथली वाचनालयं सुरू झाली. त्यांतली कित्येक आधी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून ओळखली जात. साहेब अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले चार एतद्देशीय, असा तो कारभार. दार सगळ्यांसाठी सारखं उघडं नव्हतंच. ते उघडायला शंभरेक वर्षं गेली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रास प्रांताने १९४८ साली केला आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी उपकरही बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून अंमलात आला. आपल्या कायद्यात उपकर नाही. लोकांनी संस्था काढायची, कार्यकारिणी निवडायची, जागा बघायची, वर्गणी गोळा करायची, आणि सरकारने वर्गवारीप्रमाणे परिरक्षण अनुदान द्यायचं, असा आपला मामला. अ, ब, क, ड हे ते वर्ग. शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. त्यातलं एखादं 'ड' वर्ग ग्रंथालय म्हणजे बहुतेक वेळा ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, चार लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल आणि संध्याकाळी ते उघडणारी एक व्यक्ती, जिचं मानधन ऐकून पाहुण्यांनी विषय बदलावा.

या रचनेचे तोटे सांगावेत तेवढे थोडे. अनुदान हप्त्याने येतं आणि हप्ता उशिराने येतो. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा कागदावरच असलेली ग्रंथालयंही सापडली, आणि त्यानंतर नव्यांना मान्यता देणं कित्येक वर्षं थांबलं. पण एक गोष्ट या रचनेनेच दिली आहे: ग्रंथालय कुणा खात्याचं नसतं, गावातल्या माणसांचं असतं. त्यामुळे त्याने उत्सव करायचा म्हटला तर त्याला वरून परिपत्रक यावं लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी ग्रंथोत्सव होतात, ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन, ग्रंथविक्री असा त्यांचा ठरलेला आराखडा असतो, आणि पुस्तकं हाताळून विकत घ्यायला ती चांगली जागा आहे हे मी मनापासून म्हणते. मात्र एका जिल्ह्याची पत्रिका दुसऱ्या जिल्ह्यात वाटली तर तारखेखेरीज काही खटकणार नाही. आमच्या तालुक्याला हवा होता तो उत्सव इथलाच असायला हवा होता, आणि इथलं म्हणजे काय हे वहीत लिहिलेलं होतं.

वह्या काढल्या. आमच्या ग्रंथपाल बाई वह्यांची जशी राखण करतात तशी लोक सातबाऱ्याचीही करत नाहीत. वाचकांची नावं बघायची नाहीत, फक्त पुस्तकं बघायची, अशी अट त्यांनी आधीच घातली. कोण काय वाचतं हे ज्याचं त्याच्यापाशी राहावं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक कुणी नेलं यावरूनही चर्चा होते.

तर पुस्तकं. रहस्यकथा आणि भयकथा अजूनही भरपूर जातात, आणि त्या नेणाऱ्यांत आज्या जास्त आहेत हे बाईंनी वही न बघता सांगितलं. ऐतिहासिक कादंबऱ्या वर्षभर फिरत्या. आत्मचरित्रं, विशेषतः अधिकाऱ्यांची आणि कष्टातून वर आलेल्यांची, एका घरात जातात आणि घरातल्या तिघांनी वाचून परत येतात. आहार, मधुमेह, शेळीपालन, मुलांच्या नावांचं पुस्तक. अनुवाद वाढलेत. दिवाळी अंकांचा तर वेगळाच हंगाम. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी सवय लावली, ती आमच्याकडे अजून सुटलेली नाही. दिवाळी अंक योजनेचे वेगळे पैसे भरून लोक पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते अंक फिरवत राहतात, आणि एप्रिलमध्ये परत येणाऱ्या अंकात शब्दकोडं कुणीतरी पेनने सोडवलेलं असतंच.

कवितासंग्रहांचं कपाट मात्र शांत. आणि कविसंमेलनासाठी नावं नोंदवून घ्यायची नुसती कुजबूज झाली तर यादी लांबत गेली. तेव्हा बाईंनी स्वतःच घातलेली अट एकदाच मोडली. नाव नोंदवलेल्यांपैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात दुसऱ्या कुणाचा कवितासंग्रह घरी नेला, हे त्यांनी पाहिलं आणि वही मिटली. आकडा मी लिहीत नाही. सगळे ओळखीचे आहेत.

मग आधी ठरलेली पत्रिका पुन्हा वाचली. 'जागतिकीकरण आणि मराठी साहित्यापुढील आव्हाने' असा एक परिसंवाद होता. 'समाजमाध्यमांच्या काळात वाचनसंस्कृती' असा दुसरा. वाचनसंस्कृती लोप पावत आहे हे ऐकायला ग्रंथालयाचे सभासदच येणार होते, म्हणजे जे वाचतात त्यांनाच न वाचणाऱ्यांबद्दल बोलणी खायची. ही आपल्याकडची मोठी गंमत आहे. वर्गात हजर असलेल्या मुलांना गैरहजर मुलांवरून ओरडणाऱ्या मास्तरांसारखं आपलं साहित्यिक व्यासपीठ वागतं. दोन्ही परिसंवाद काढून टाकावेत असं मी सुचवलं. एक निघाला. दुसरा राहिला, कारण त्याच्या वक्त्याला शब्द देऊन झाला होता.

निघालेल्या परिसंवादाच्या जागी 'वाचक बोलतात' ठेवलं. सभासदांनी मंचावर यायचं, प्रत्येकाने एकाच पुस्तकाबद्दल बोलायचं, आणि आमंत्रित लेखकांनी खाली पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. ही बसण्याची व्यवस्था ठरवताना सर्वांत जास्त वेळ गेला. पाहुण्यांना खाली बसवायचं म्हणजे अपमान, असं दोघा-तिघांना वाटत होतं. शेवटी खाली सोफे ठेवले, मंचावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि तोडगा निघाला.

काय झालं ते सांगायला हवं, कारण मला स्वतःला त्याची कल्पना नव्हती. एक एसटी कंडक्टर आहेत, ते फक्त युद्धाची पुस्तकं वाचतात. ते उभे राहिले आणि एका युद्धवर्णनातल्या रसदीबद्दल बोलले: किती ट्रक, रस्ता कसा, गाडी बंद पडली तर मागच्यांचं काय. लढाई त्यांनी दोन वाक्यांत उरकली. चाळीस माणसांची गाडी घाटातून रोज नेणाऱ्या माणसाने युद्ध कसं वाचलं असेल हे कुठल्याही समीक्षकाला सुचलं नसतं. एका आरोग्यसेविकेने एका आत्मचरित्रातल्या बाळंतपणाच्या प्रसंगावर हरकत घेतली. "असं होत नाही. लेखक बाहेर ओसरीवर बसलेला असणार," ती म्हणाली आणि बायकांच्या बाजूने जी हशाची लाट उठली ती थांबेना. एक निवृत्त तलाठी ऐतिहासिक कादंबरीतल्या जमिनीच्या मोजणीवर बोलायला लागले आणि आवरेनात, त्यांना चिठ्ठी पाठवावी लागली. रहस्यकथावाल्या आजींनी मात्र मंचावर यायला नकार दिला. जागेवरूनच म्हणाल्या, "खुनी कोण ते मला निम्म्यात कळतं, पण मी शेवटपर्यंत वाचते. त्याला वाटू नये." 'त्याला' म्हणजे लेखकाला.

पहिल्या रांगेतल्या लेखकांचे चेहरे मी बघत होते. एकजण मोबाईल बघत होते, तेही खरं. पण इतर दोघांनी काहीतरी टिपून घेतलं, आणि त्यांच्या भाषणाची वेळ आली तेव्हा खिशातला कागद कुणी काढला नाही. ते त्या कंडक्टरना उद्देशून बोलले, आरोग्यसेविकेला उत्तर दिलं. भाषण ठरल्यापेक्षा बरंच आधी संपलं. मराठी मंचावर असं कधी होतं?

दुसरी गोष्ट प्रदर्शनाची. ग्रंथप्रदर्शन म्हणजे नव्या कोऱ्या पुस्तकांचे ढीग, तसे आमच्याकडेही होते. पण बाईंच्या डोक्यातून निघालेली दोन टेबलं वेगळी होती. एका टेबलावर सर्वांत झिजलेल्या प्रती मांडल्या. पुन्हापुन्हा बांधणी करून आणलेल्या, पाठीला कापडी पट्टी डकवलेल्या, मागचा तारखांचा कागद भरला म्हणून त्याच्यावर दुसरा आणि त्यावर तिसरा चिकटवलेल्या. काहींत समासात पेन्सिलीचे शेरे होते. 'पुढे रडू येईल.' 'हे खोटं आहे.' एका जाड कादंबरीत मध्यावर कुणीतरी 'इथून कंटाळा' असं लिहिलेलं, आणि खाली वेगळ्या अक्षरात 'मग पुस्तक बंद करा, लिहिता कशाला?' पुस्तकात लिहू नये अशी पाटी भिंतीवर आहेच, तरी त्या टेबलाभोवती जेवढी गर्दी झाली तेवढी नव्या पुस्तकांभोवती झाली नाही. लोक स्वतःचं अक्षर शोधत होते.

दुसऱ्या टेबलावर एकदाही घरी न गेलेली पुस्तकं होती. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. दरवर्षी १२ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिवशी, ग्रंथपाल दिन होतो आणि फोटोला हार घालताना ही सूत्रं म्हटली जातात. पण न गेलेली पुस्तकं उघड्यावर मांडणं याला थोडी हिंमत लागते, कारण ती कुणी, का, कोणत्या सवलतीत खरेदी केली हा प्रश्न पाठोपाठ येतो. ग्रंथखरेदीतलं हे दुखणं सगळ्यांना माहीत असतं. अनुदानाचा हिशोब मार्चआधी पुरा करायचा असतो, शासनमान्य ग्रंथयादी हाताशी असते, आणि जो विक्रेता जास्त सूट देतो त्याच्याकडचे गठ्ठे येतात. कपाट भरतं, वाचकाचं काही भरत नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून मदत म्हणून येणारी पुस्तकंही असतात, त्यांत उत्तम ग्रंथ असतात, पण तेही कधीकधी आपल्या वाचकाची वाट बघत जुने होतात.

सचिवांना हे टेबल नको होतं. "आपलीच लक्तरं कशाला?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. निरीक्षणाला येणारे अधिकारीही उत्सवाला येणार होते. बाई म्हणाल्या, "सर, पाटी मी लिहिते." पाटी अशी होती: 'ही पुस्तकं अजून कुणी वाचलेली नाहीत. पहिला मान तुमचा.' त्या टेबलावरची पुस्तकं जागेवरच नोंद करून द्यायची सोय होती. पाहुण्या तालुक्यातल्या एका मुलाने मधमाश्यांवरचं एक जुनं पुस्तक उचललं, आणि तो आपला सभासद नाही हे कळल्यावर पेच पडला. त्याच्या गावच्या ग्रंथालयाच्या नावावर ते दिलं. नियमात हे बसतं की नाही हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

खरेदीबाबतही एक प्रयोग केला. विक्रीच्या दालनांत सभासदांनी हिंडायचं, हवं ते पुस्तक बघायचं आणि चिठ्ठीवर नाव लिहून पेटीत टाकायचं, ग्रंथालयं त्यातूनच यंदाची खरेदी करतील असं ठरलं. मुलांच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त आल्या, आणि त्यात डायनोसॉर आणि अंतराळ यांची एवढी मागणी होती की आजवर आम्ही बालविभागात फक्त बोधकथा भरत आलो होतो याची जाणीव झाली. एका चिठ्ठीवर पुस्तकाचं नावच नव्हतं: 'माझ्या आजोबांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षराचं कुठलंही.'

आता अभ्यासिका. हिच्याबद्दल लिहायला मला जड जातं, कारण उत्तर माझ्याकडे नाही. आज तालुक्याच्या ग्रंथालयात सकाळी सातला गेलात तर सर्वांत जास्त माणसं तिथे दिसतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली, प्रत्येकाची जागा ठरलेली, बाटली, चार्जर, टेबलावर चिकटवलेलं वेळापत्रक. वाचनात इतके तास घालवणारा दुसरा कुठलाही गट गावात नाही. पण देवघेवीच्या वहीत त्यांची नावं क्वचित येतात. ते स्वतःची पुस्तकं आणतात आणि आमची खुर्ची, वीज आणि शांतता वापरतात. उत्सवाचं निम्मं काम त्यांनीच केलं: सतरंज्या, खुर्च्या, ध्वनिक्षेपकाची वायर, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं. कार्यक्रम सुरू झाला की मात्र एकेकजण मागच्या दाराने अभ्यासिकेत. त्यांना दोष कसा द्यायचा? घरून दर महिन्याला फोन येतो, वय वाढतंय, जाहिरात निघत नाही, निघाली तर तारीख पुढे जाते. कादंबरी वाचणं ही त्यांच्यासाठी चोरी झाली आहे.

त्यांच्यासाठी 'अभ्यासाबाहेरचं एक पुस्तक' असं सत्र ठेवलं होतं, आणि ते पडलं. आठ-दहाजण आले, त्यातले निम्मे आयोजकांच्या शब्दाखातर. चर्चा चालू असताना एका मुलीने हात वर केला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यात निबंधाचा पेपर आला, आतापर्यंत आम्ही पर्यायांवर खुणा करायला शिकलो, आता पानंच्या पानं कशी लिहायची, असं तिने विचारलं. पाहुणे लेखक क्षणभर गोंधळले. परीक्षेचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, तसं त्यांनी सांगूनही टाकलं. मग म्हणाले, सुरुवात कशी करायची एवढं मी दाखवू शकतो. फळा आणला. 'पाणी' असा विषय घेतला आणि पहिला परिच्छेद कसा कसा सुरू करता येईल हे ते लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत राहिले. अभ्यासिकेतून माणसं येत गेली. शेवटी दारात उभं राहायला जागा नव्हती. 'पाण्याचे मानवी जीवनातील महत्त्व अनन्यसाधारण आहे' हे वाक्य त्यांनी खोडलं तेव्हा मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "सर, ते आम्ही पाठ केलंय!"

याला साहित्य म्हणायचं का, यावर नंतर आमच्यात वाद झाला. आमच्या अध्यक्षांना वाटतं की उत्सवाचा क्लास झाला. मला वाटतं, खोडलेल्या त्या वाक्याजवळ जेवढं साहित्य होतं तेवढं राहिलेल्या परिसंवादात दिवसभरात झालं नाही. पण अध्यक्षांची भीतीही मी समजू शकते. पुढच्या वर्षी कुणी म्हणेल, चला, पूर्ण उत्सवच 'निबंध मार्गदर्शन शिबिर' करू, मांडव ओसंडून वाहील. ग्रंथालयांचं अभ्यासिकेत रूपांतर होताना आपण बघतोच आहोत. वही उघडायची ती लोकांच्या मागे फरपटत जाण्यासाठी नव्हे, एवढं भान ठेवावं लागणार.

ग्रंथदिंडी, उद्घाटन, सत्कार यांबद्दल थोडक्यात. दिंडी छान झाली, शाळेच्या मुलींचं लेझीम उत्तम, पालखीतल्या ग्रंथांवर उन्हाची तिरीप येत होती म्हणून कुणीतरी छत्री धरली. उद्घाटन लांबलं. सत्कार लांबले. शाल, श्रीफळ आणि पुस्तक देऊन सत्कार झाला. नंतर मंचावर दोन पुस्तकं विसरलेली सापडली, शाल एकही नाही.

काही ग्रंथालयं मिळून उत्सव करायचा तर तो एकाच ठिकाणी का, हा प्रश्न मात्र उरलाच. तालुक्याच्या गावी मोठं ग्रंथालय, मोठं पटांगण, म्हणून सगळं तिथे. आसपासची छोटी ग्रंथालयं पत्रिकेवर 'सहआयोजक' म्हणून बारीक अक्षरात, आणि त्यांची माणसं पाहुण्यांसारखी कोपऱ्यात. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव सुरू झालं, तिथे पुस्तकं एका इमारतीत कोंडली नाहीत, गावातल्या घरांत, पडव्यांत ठेवली. कृष्णाकाठच्या औदुंबरला, कवी सुधांशूंच्या गावात, संक्रांतीला संमेलन भरतं, त्यालाही शहर लागलं नाही. मग आम्हालाच पटांगण का लागावं?

आढावा बैठकीत हा विषय मी काढला. हिशोब वाचून झाला होता. सर्वांत मोठा खर्च मांडव आणि ध्वनिक्षेपकावर, सर्वांत छोटा त्या झिजलेल्या पुस्तकांच्या टेबलावर. पुढच्या वर्षी उत्सव एका 'ड' वर्ग ग्रंथालयाच्या गावी घ्यावा असं मी म्हटलं, तेव्हा सचिव म्हणाले, "ताई, त्यांची एक खोली. दोनशे माणसं बसवणार कुठं?" त्या ग्रंथालयाची ग्रंथपाल मुलगी पहिल्यांदाच बोलली. तिच्या गल्लीत सात-आठ ओसऱ्या आहेत, लोक देतील, प्रत्येक ओसरीवर एक वाचक आणि एक पुस्तक, ऐकणाऱ्यांनी हिंडावं. ध्वनिक्षेपक नको. कोषाध्यक्षांचा चेहरा त्या एका वाक्याने उजळला आणि माझा अर्धा प्रस्ताव तिथेच मंजूर झाला. पाहुण्यांनी आदल्या संध्याकाळी यायचं आणि देवघेवीच्या वेळेत खिडकीशी बसायचं, ही माझी दुसरी अटही तिने ठरावात घालून घेतली.

अडलं ते कविसंमेलनावर. ओसरीवर बसून एवढे कवी कसे पुरणार, आणि वगळायचं तर कुणाला? बाईंनी तोडगा सुचवला. ज्याला स्वतःची कविता म्हणायची असेल त्याने आधी दुसऱ्या कुणाची तरी एक म्हणावी, पण ती ग्रंथालयाच्या पुस्तकातली हवी, आणि ते पुस्तक उत्सवाआधी रीतसर नोंद करून घरी नेलेलं असावं. ठराव एकमताने झाला. चारच दिवसांत कवींचं एक शिष्टमंडळ सचिवांना भेटून गेलं. मोबाईलवर वाचलेली कविता चालेल का, असं त्यांचं विचारणं आहे. बाई नाही म्हणतात. बोलणी चालू आहेत.